डाव्या सीटवरचे अप्पा

अप्पा गेले त्या दिवशी सकाळी मी त्यांच्यावर चिडलेली होते. अशा लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. पण गेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलायचं असं ठरवलं, तर अप्पांवर लिहायला माझ्याकडे पाव पानसुद्धा मजकूर उरणार नाही आणि उरेल तोही खोटा असेल. तर झालं असं, की दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे त्यांना आमच्या डोंबिवलीहून ठाण्याला, कोलशेतला न्यायचं होतं. निघायचं रविवारी दहाला आणि यांची भुणभुण शनिवारी सकाळी सातपासून सुरू. चाकांतली हवा बघितलीस का? मी म्हटलं, परवाच बघितलीय. तर म्हणाले, परवाची हवा परवा. शेवटी हातातलं थालीपीठ अर्धं टाकून मी पेट्रोल पंपावर गेले. पुढची दोन चाकं झाली होती तेवढ्यात शिरीषचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "सुलभा, घरी ये." मी वैतागून म्हटलं, "अरे, अजून दोन चाकं राहिलीयत, सांग त्यांना." तो अगदी हळू म्हणाला, "आता नाही सांगता येणार..." मी फोन बंद केला आणि उरलेल्या दोन चाकांत हवा भरून घेतली. का भरली, ते मला आजही सांगता येत नाही.

अप्पा म्हणजे माझे सासरे. वय एकशे चार. लोकांना वाटतं, इतकं आयुष्य मिळालेला माणूस शांत, तृप्त, देवघरासमोर बसलेला असेल. आमचे अप्पा गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या रिक्षांच्या इंजिनांचे आवाज ऐकत आणि तिसऱ्या मजल्यावरून ओरडत, "क्लच जाळतोयस रे!" रिक्षावाले आधी चिडायचे. मग एकदोघांचे क्लच खरंच गेले, तेव्हा ते जिना चढून वर यायला लागले आणि मला त्यांच्यासाठी चहा टाकावा लागायला लागला. घरातलं कुठलंही दार आपटलेलं त्यांना चालायचं नाही. लग्नाला मुहूर्ताच्या आधी दीड तास पोचायचं, म्हणजे मांडव घालणाऱ्यांच्या सोबत उभं राहायचं. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी डॉक्टरांनी जिने टाळा म्हणून सांगितलं, तर त्यांनी डॉक्टर टाळले. कानाचं यंत्र आणून दिलं, ते डबीत ठेवून दिलं. सुनेचं ऐकू यायचं नाही आणि मिक्सरचं बेअरिंग खराब झालेलं बरोबर ऐकू यायचं.

त्यांची मूळ गोष्ट मात्र खरीच वेगळी होती. रत्नागिरीकडच्या खेड्यातून ते लहानपणीच मुंबईला आले आणि एका शेटजींच्या गॅरेजमध्ये गाड्या पुसायला लागले. शेटजींनी परदेशातून दोन माणसांची, उघड्या टपाची शर्यतीची गाडी मागवली होती. शेटजींना वेगाची हौस होती आणि वेगाची भीतीही होती, त्यामुळे एक हंगाम कसाबसा चालवून त्यांनी स्टीअरिंग या अठरा वर्षांच्या पोराच्या हाती दिलं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचे दोन हंगाम अप्पा शर्यतीत उतरले. कधी विमानाच्या धावपट्टीवर, कधी ओहोटीच्या वेळी समुद्राच्या वाळूवर, एकदा घाट चढायच्या शर्यतीत. घाटात ते पहिले आले. पेपरात नाव आलं शेटजींचं, कप मिळाला शेटजींना आणि लोकांनी आणलेला हार गाडीच्या बॉनेटला घातला गेला. "बरोबरच होतं," अप्पा म्हणायचे, "चढली तर ती होती." मग युद्ध आलं, पेट्रोल मिळेनासं झालं, शेटजींनी गाडी विकून टाकली आणि अप्पा फिटर झाले. पुढे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. त्या दोन हंगामांनंतर त्यांनी आयुष्यात पुन्हा गाडी चालवली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, रस्त्यावर समोरून माणसं येतात. शर्यतीत कुणी समोरून येत नसे. आणि आता कळस ऐका. या शर्यतपटूकडे शेवटपर्यंत लायसन नव्हतं. धावपट्टीवर कुणी मागितलं नाही आणि नंतर यांनी काढलं नाही.

शंभरी पूर्ण झाली तेव्हा आमच्या सोसायटीने त्यांचा सत्कार ठेवला. मांडव घातला, शाल-श्रीफळ आणलं, एका मुलीने मुलाखत घ्यायची ठरवली. तिने विचारलं, आजोबा, इतक्या वेगात भीती नाही वाटायची? अप्पांनी माइक हातात घेतला आणि टायरमध्ये उन्हात हवा किती ठेवायची आणि सावलीत किती, यावर पंचवीस मिनिटं बोलले. लोकांनी मध्येच टाळ्या वाजवून बघितल्या, पण ते थांबले नाहीत. शेवटी शिरीषने जाऊन माइक काढून घेतला. घरी येताना मी म्हटलं, अप्पा, लोकांना तुमच्याबद्दल ऐकायचं होतं हो. तर म्हणाले, "माझ्याबद्दलच सांगत होतो की."

मी गाडी घेतली तेव्हा माझं वय अडतीस आणि अप्पांचं शहात्तर. मी बँकेत होते, शिरीषला गाडीची आवड नव्हती आणि आजही नाही. लाल रंगाची, छोटी. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने मला महिन्याभरात पास करून सोडून दिलं, पण मला खरं प्रमाणपत्र हवं होतं ते घरातल्या या माणसाचं. सून म्हणून नव्हे, मला मनापासून गाडी चालवायला आवडायची. स्टीअरिंगवर हात ठेवला की बँकेतले सगळे चेहरे डोक्यातून निघून जायचे. आणि ज्याने घाट जिंकला होता असा माणूस माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवत होता. त्याने एकदा म्हणावं, सुलभा, तुझा हात चांगला आहे. बस, एवढंच मला हवं होतं. अठ्ठावीस वर्षं मी त्यांना डोंबिवली, कल्याण, ठाण्यात सगळीकडे फिरवलं. दवाखाने, लग्नं, बारशी, माई, म्हणजे माझ्या सासूबाई, आजारी होत्या तेव्हा रोजच्या रोज हॉस्पिटल. ते वाक्य काही आलं नाही.

वाक्यच काय, गाडीत एक शब्दही नाही. घरात ज्यांच्या तोंडाला खळ नव्हता, ते अप्पा गाडीचं दार लागलं की मुके व्हायचे. हा त्यांचा नियम होता. शेटजी स्वतः चालवायचे त्या पहिल्या हंगामात अप्पा त्यांच्या डावीकडे बसायचे. त्या गाड्यांत शेजारी असा एक माणूस लागायचा. त्याने टायरवर नजर ठेवायची, हाताने पंप मारून पेट्रोलचा दाब राखायचा, मागून कोणी येतंय का बघायचं. बोलायचं मात्र नाही. एकदा अप्पांनी न राहवून शेटजींना काहीतरी ओरडून सांगितलं, शेटजींनी वळून बघितलं आणि गाडी वाळूत रुतली. तेव्हापासून, डाव्या सीटवरच्या माणसाने बोलायचं नसतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, गाडीत बसायच्या आधी, उभ्या उभ्या. चालवणाऱ्याने रस्त्याचं आणि गाडीचं ऐकायचं, तिसऱ्या कुणाचं नाही. मग चारी चाकांवर हात फिरवून, गाडीला एक फेरी मारून ते आत बसले आणि त्यांचं तोंड जे मिटलं ते घरी परत येईपर्यंत.

बोलायचे नाहीत, पण त्यांचा पाय बोलायचा. हे पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. मी जरा वेग घेतला, पुढे ट्रक आला, वळण आलं, की अप्पांचा उजवा पाय त्यांच्या समोरच्या रबरी मॅटवर, बरोबर मध्यभागी, दाबला जायचा. मधलं पेडल म्हणजे ब्रेक, हे गाडी शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. शेजारी बसणारे सगळेच असा खोटा ब्रेक दाबतात, माझी आईसुद्धा दाबायची. पण आई दाबते ते वेगळं आणि शर्यतपटू दाबतो ते वेगळं. त्यांचा पाय हलला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मी वेग कमी केला की त्यांचा पाय आणखी जोरात दाबला जायचा. मला वाटायचं, अजून घाबरतायत. मी आणखी हळू जायचे. ते आणखी दाबायचे. कल्याण-शीळ रस्त्यावर मागून रिक्षावाले हॉर्न वाजवायचे, एकदा तर सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. एकदा घरी आल्यावर मी न राहवून म्हटलं, "अप्पा, ब्रेक माझ्याकडे आहे हो." ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "असू दे की. मी काही बोललो का?" वर दुखावल्यासारखे गॅलरीत जाऊन बसले. न बोलायचा नियम पाळल्याचं श्रेय मिळालं नाही, म्हणून असणार.

पाच-सहा वर्षांत त्या मॅटला भोक पडलं. डाव्या बाजूच्या मॅटला, जिथे कुणाची टाच घासायचं काही कारण नसतं, तिथे रुपयाएवढं भोक. गाडी विकली तेव्हा मी मॅट फेकायला काढली, तर अप्पांनी ती उचलून घेतली. "रबर हलकं निघालं," म्हणाले, "पण टाकायचं नसतं." धुऊन, पुसून गॅलरीतल्या आपल्या खुर्चीखाली घातली. आणि मी रोज केर काढताना ते भोक बघत राहिले. माझ्यावर एका माणसाचा किती विश्वास नाही, याचा पुरावा माझ्याच घरात अंथरून ठेवलेला होता.

आता ती गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणालाच नीट सांगितली नव्हती. मी पंचेचाळीस वर्षांची असताना ठाण्यातल्या एका क्लबने बायकांची मोटार रॅली ठेवली होती. ठाण्याहून निघून कल्याण, मुरबाड आणि पुढे माळशेज घाट चढायचा. मी नाव दिलं. घरी सांगितलं तेव्हा शिरीषने कपाळावर हात मारला आणि अप्पा ताटावरून उठून माझ्याकडे बघत उभे राहिले. काही बोलले नाहीत, पण त्या रात्री त्यांनी भात दुसऱ्यांदा घेतला. पुढच्या रविवारी सराव म्हणून आम्ही दोघंच माळशेजला गेलो. मुरबाड सोडेपर्यंत ठीक होतं. घाट लागला आणि त्यांचा पाय जो मॅटवर बसला तो उठलाच नाही. एकेका वळणावर मी त्यांच्या गुडघ्याकडे बघत होते. धोतराखालून नडगी ताठ झालेली दिसायची. मी तिसरा गिअर सोडून दुसऱ्यावर आले, दुसऱ्यावरून पहिल्यावर आले. एका वळणावर गाडी चक्क बंद पडली, मागे दुधाचा टेम्पो अडकला. अप्पा समोर बघत गप्प, पाय तसाच दाबलेला, कपाळावर घाम. मला वाटलं, घाट जिंकलेल्या माणसाला मी घाटात घाम फोडलाय. परत येताना मी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाव मागे घेतलं. सगळ्यांना सांगितलं, बँकेत ऑडिट आहे. शिरीषला बरं वाटलं. अप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवताना, आमटीत भात कालवता कालवता, मान वर न करता म्हणाले, "घाटात गाडीचं ऐकायचं असतं. बाजूच्याचं नाही." मी चिडून विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे. मी ती आमटी उचलून आत नेली आणि दार आपटलं. त्यांना आपटलेलं दार चालत नाही, हे मला माहीत होतं. त्यानंतर मी रॅलीचं नाव काढलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही. गाड्या बदलल्या, मी निवृत्त झाले, माई गेल्या. डाव्या सीटवर अप्पा आणि मधोमध त्यांचा पाय. लोक म्हणायचे, तुझं ड्रायव्हिंग किती सेफ आहे गं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटच्या सहा-सात वर्षांत कोलशेतचा नाद लागला. तिथे खाडीच्या बाजूला हरेश पाटील नावाचा गृहस्थ जुन्या गाड्या दुरुस्त करतो, म्हणजे श्रीमंत लोकांच्या संग्रहातल्या, युद्धाच्या आधीच्या वगैरे. कुठल्यातरी रिक्षावाल्याने अप्पांना ही बातमी पुरवली. मग महिन्याच्या पहिल्या रविवारी शीळफाट्याची कोंडी सहन करत त्यांना तिथे न्यायचं, तास-दीड तास थांबायचं आणि परत आणायचं. मी गाडी शेडबाहेर चिंचेच्या सावलीत लावून शब्दकोडं सोडवत बसायचे. आत ग्रीस, ऑइल, ठोकाठोकी, कोण जाणार? हरेश दर वेळी बाहेर येऊन म्हणायचा, मॅडम, आत या ना, चहा घ्या. मी म्हणायचे, नको, अप्पांना लवकर सोडा. ऐंशी-एक रविवार मी त्या झाडाखाली बसले असेन. एकदाही आत गेले नाही... आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तेरावं झाल्यावर हरेशचा फोन आला. म्हणाला, अप्पांचा चष्मा माझ्याकडे राहिलाय, आणून देतो. मी म्हटलं, मीच येते. का म्हटलं कुणास ठाऊक. महिन्याचा पहिला रविवार होता, दहा वाजले होते आणि किल्ली हातात होती, म्हणून असेल. आत गेले तर शेडच्या मध्यभागी एक जुनी, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी उभी होती. हिरवा रंग, बॉनेटवर चामड्याचे पट्टे. हरेश म्हणाला, अप्पांची हीच नव्हती, पण याच जातीची होती. पहिल्यांदा बघितली तेव्हा अप्पा अर्धा तास नुसते बाजूला उभे होते म्हणे. मग दर महिन्याला येऊन आत बसायचे. इंजिन बंद, हात स्टीअरिंगवर. हरेशने एकदा विचारलं होतं, अप्पा, आवारात एक फेरी मारता का? तर त्यांनी सांगितलं, लायसन नाही.

मला हसू आलं आणि मग त्या सीटवर बसावंसं वाटलं. बसले. पाय आत घातले. सवयीने डावा पाय क्लचवर गेला, उजवा मधल्या पेडलवर ठेवला आणि सहज बोलायचं म्हणून म्हटलं, ब्रेक अजून चांगला आहे की हो.

हरेश म्हणाला, "मॅडम, त्यो ब्रेक नाय. त्यो एक्सलेटर हाय."

मी म्हटलं, मधला? तो म्हणाला, हो, मधला. तेव्हाच्या काही गाड्यांना असाच असायचा, मध्ये एक्सलेटर आणि ब्रेक उजवीकडे. आताचा ड्रायव्हर बसला तर पहिल्याच वळणाला भिंतीवर जाईल, ब्रेक समजून दाबेल आणि गाडी पळत सुटेल. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने वाकून हाताने पेडल दाबून दाखवलं आणि पुढे इंजिनावरची दांडी कशी हलते तेही दाखवलं. अप्पांनी या जातीच्या गाडीनंतर दुसरी गाडी चालवलीच नव्हती. त्यांच्या पायाला दुसरं पेडल माहीतच नव्हतं...

हरेशला वाटलं, मला रडू येतंय ते अप्पांच्या आठवणीने. त्याने स्टूल आणून पाणी दिलं आणि माझी समजूत घालायची म्हणून सांगायला लागला, की अप्पा तुमच्याबद्दल खूप बोलायचे. मी विचारलं, काय बोलायचे? "बोलायचे, सुनेचा हात माझ्यापेक्षा चांगला हाय. गाडीचं तिला कळतं. पन कुनीतरी तिला भिवडवून ठेवलंय. कोन, ते काय मला समजत नाय."

आता मला सांगा, अशा माणसाचं काय करायचं? अठ्ठावीस वर्षं शेजारी बसून पाय दाबतोय, दाब, दाब, अजून दाब, आणि सून ब्रेक लावतेय. माळशेजच्या घाटात त्याला घाम फुटला होता तो मी गाडी पळवत नव्हते म्हणून. एका शब्दाने काम झालं असतं. "जोरात." तीन अक्षरं. पण डाव्या सीटवरच्या माणसाने बोलायचं नसतं. गाडीत नसतं, ठीक आहे, नियम आहे तुमचा. घरी? आमटीभाताच्या वेळी? हरेशला सांगता येतं, रिक्षावाल्यांना तिसऱ्या मजल्यावरून सांगता येतं आणि सुनेला सांगायला जीभ उचलत नाही? आणि मी तरी काय, तोंडाला कुलूप लावलं होतं का? एकदा तरी सरळ विचारायचं, अप्पा, तुम्ही माझ्या गाडीत घाबरता का? विचारलं नाही, कारण मला उत्तर ठाऊक होतं. ते चुकीचं होतं, हे कळायला मला सहासष्ट वर्षांचं व्हावं लागलं आणि त्यांना मरावं लागलं. मला कुणी भिवडवलं याचा ते शेवटपर्यंत शोध घेत राहिले आणि ज्याने भिवडवलं तो पाय त्यांचा स्वतःचाच होता. मी त्यांच्यावर आजही तेवढीच चिडलेली आहे. आणि ते मला इतके हवे आहेत, की त्यांची परवाची हवा परवाची कटकट ऐकायला मी उद्या सकाळी सातला उठून बसेन.

त्या दिवशी घरी आल्यावर गॅलरीतली मॅट उचलली. खुर्चीच्या पायांचे चार वळ उठले होते आणि मधोमध ते भोक. कामाच्या बाईने विचारलं, ताई, टाकायची का? मी म्हटलं, नाही, रबर चांगलं आहे. धुऊन वाळवली आणि गाडीत नेऊन डाव्या बाजूला, नव्या मॅटच्या वर अंथरली.

गेल्या रविवारी शिरीषला म्हटलं, चल, माळशेजला जाऊन येऊ. त्याला वाटलं, मला मोकळी हवा हवीय. निघण्याआधी मी चारी चाकांवर हात फिरवला आणि गाडीला एक फेरी मारली. मुरबाड मागे पडलं, घाट लागला. पहिलं वळण तिसऱ्या गिअरमध्ये घेतलं. दुसरंही. इंजिन काही कुरकुरलं नाही, उलट आवाज साफ झाला. अप्पा म्हणायचे तसं मी तेवढंच ऐकत होते. तिसऱ्या वळणाला शिरीष म्हणाला, "अगं सुलभा, जरा हळू..."

मी रस्त्यावरची नजर न हलवता म्हटलं, "डाव्या सीटवरच्या माणसाने बोलायचं नसतं."

तो गप्प बसला. पुढच्या वळणाला मी डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली बघितलं. त्याचा उजवा पाय बरोबर त्या भोकावर होता आणि सगळा जोर लावून दाबत होता. शिरीषचा तो ब्रेक होता, यात शंकाच नव्हती. मला आता दोन्ही पाय ओळखता येत होते. मी अप्पांचा ऐकला.